त्याने पाय आडवा घातला नाही

माझ्या टेबलावर गेले काही महिने एक पातळ अंक पडून आहे. मुलगी न्यू जर्सीहून सुट्टीला आली तेव्हा तो घेऊन आली. ‘अमेझिंग फँटसी’ या अमेरिकन कॉमिक मासिकाचा हा पंधरावा अंक आहे. त्यावर ऑगस्ट १९६२ हा महिना आणि बारा सेंट ही किंमत छापलेली आहे. अर्थात ही मूळ प्रत नव्हे, जाहिरातींसकट जशीच्या तशी छापलेली प्रतिकृती आहे. स्पायडर-मॅन पहिल्यांदा अवतरला तो याच अंकात. मी आयुष्यभर मुद्रितशोधन केले, त्यामुळे हातात आलेला कोणताही छापील कागद मी आधी वाचत नाही, तपासतो. हा अंकही तसाच तपासायला घेतला आणि एका पानावर अडलो, तो अजून तिथून पुरता सुटलेलो नाही.

त्या पानावर एका दूरचित्रवाणी स्टुडिओचा कॉरिडॉर आहे. कार्यक्रम नुकताच संपला आहे आणि स्पायडर-मॅन आपल्या यशाच्या धुंदीत बाहेर पडतो आहे. समोरून एक माणूस जिवाच्या आकांताने पळत येतो आणि त्याच्या मागे गणवेशातला पोलीस ‘पकडा, चोर!’ असे ओरडतो आहे. चोर स्पायडर-मॅनच्या अगदी जवळून जातो, लिफ्टमध्ये शिरतो आणि दार मिटते. मागाहून धापा टाकत पोहोचलेला पोलीस चिडून विचारतो, की बाबा रे, तुला झाले तरी काय? नुसता पाय आडवा घातला असतास, क्षणभर त्याला धरून ठेवले असतेस, तरी पुरे होते. त्यावर भिंतींवर चढू शकणारा आणि माणसाच्या कितीतरी पट ताकद असलेला तो मुलगा म्हणतो, की माफ करा, ते काम तुमचे आहे. आजवर सगळ्यांनी मला ढकलले, आता मी फक्त माझे पाहणार.

एवढाच प्रसंग आहे आणि तो मोजक्या चौकटींत संपतो. त्यात मारामारी नाही, कोणाला साधा ओरखडाही उठत नाही. पण अमेरिकन कॉमिकच्या सगळ्या इतिहासात याहून मोठे काही घडले असेल, असे मला वाटत नाही.

हे का वाटते ते सांगण्याआधी या अंकाची जन्मकथा सांगितली पाहिजे, कारण हा अंक निघाला तो मरणाऱ्या मासिकाचा शेवटचा अंक म्हणून. ते आधी ‘अमेझिंग अ‍ॅडव्हेंचर्स’ या नावाने सहा अंक चालले, सातव्यापासून चौदाव्यापर्यंत ‘अमेझिंग अ‍ॅडल्ट फँटसी’ झाले आणि पंधराव्या अंकाला त्यातला ‘अ‍ॅडल्ट’ शब्द गळून पडला. स्टॅन ली यांनी लिहिलेल्या आणि स्टीव्ह डिट्को यांनी काढलेल्या छोट्या, शेवटी कलाटणी देणाऱ्या अद्भुतकथा त्यात येत. खप बेताचा होता आणि प्रकाशक मार्टिन गुडमन यांनी ते बंद करायचे ठरवले होते. पुढे ली अनेकदा सांगत असत, की कोळ्याच्या नायकाची कल्पना गुडमन यांना मुळीच पसंत नव्हती. लोकांना कोळ्याची किळस येते आणि कुमारवयाचा मुलगा फार तर नायकाचा मदतनीस होऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. पण बंदच पडणाऱ्या मासिकाच्या शेवटच्या अंकात काय छापले जाते, याची फारशी फिकीर कोणी करत नाही. प्रेसमध्ये दिवस काढलेल्या माणसाला हे चांगले ठाऊक असते. शेवटच्या अंकावर कुणाची करडी नजर नसते, आणि म्हणूनच कधी कधी त्यात एखादी धाडसी गोष्ट निसटून जाते.

ही गोष्ट अकरा पानांची आहे. पहिले रेखाटन जॅक कर्बी या दुसऱ्या चित्रकाराकडे दिले होते. परंतु त्यांचा नायक फारच वीरश्रीयुक्त दिसतो म्हणून काम डिट्को यांच्याकडे आले. मुखपृष्ठाचे मात्र उलटे झाले. त्यासाठी डिट्को यांनी काढलेले चित्र बाजूला ठेवून ली यांनी ते कर्बी यांच्याकडून काढून घेतले आणि त्यावर शाई डिट्को यांनी चढवली. त्यामुळे मुखपृष्ठावर एका हाताने दोरीला लटकत, दुसऱ्या बगलेत माणूस धरून उडणारा जो भरदार वीर दिसतो, तो आतल्या पानांवर कुठेच सापडत नाही. आत सापडतो तो खांदे पाडून चालणारा, चष्मा लावणारा, हडकुळा पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्याआडचा स्पायडर-मॅन. पहिल्याच पानावर वर्गातली मुले-मुली एकत्र उभी आहेत, नाचाला जायचे बेत करीत आहेत आणि हा बाजूला एकटा आहे. डिट्को यांनी त्याचा पोशाख योजला तेव्हा सगळा चेहरा झाकणारा मुखवटा दिला. आत एक पोरगेला चेहरा आहे हे कोणाला कळू नये, हे त्याचे एक कारण त्यांनीच नंतर लिहून ठेवले आहे. सबंध चेहरा झाकलेला असल्यामुळे डिट्को यांना भाव दाखवायला केवळ शरीर उरते. म्हणून कॉरिडॉरमधल्या त्या चौकटींत बेफिकिरी दिसते ती त्याच्या उभे राहण्याच्या ढबीत.

जुन्या अंकांच्या बाजारात या अंकाची किंमत काय आहे, हे वर्तमानपत्रांत अधूनमधून येते. सप्टेंबर २०२१ मध्ये याची एक प्रत अमेरिकेतल्या लिलावात ३६ लाख डॉलरला विकली गेली. जुन्या कॉमिकना त्यांच्या अवस्थेनुसार दहापैकी गुण देतात आणि त्या प्रतीला ९.६ गुण होते. असे गुण देऊन झाले की अंक कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचा बंद केला जातो. तो उघडून वाचायचा तर पेटी फोडावी लागते, आणि पेटी फोडली की ते गुणही गेले. मला त्या खरेदीदाराबद्दल काही म्हणायचे नाही, कारण वस्तू जपणारी माणसे नसती तर आपल्यापर्यंत काहीच पोहोचले नसते. पण प्रेसमधल्या माणसाला त्या अंकांतली एक गोष्ट फार जवळची वाटते. हा अंक काढणाऱ्या मार्व्हल या प्रकाशनसंस्थेच्या त्या काळातल्या अनेक अंकांच्या मुखपृष्ठाची उजवी कड कुरतडल्यासारखी असते. कटिंग मशीनचे पाते बोथट झालेले असले आणि गठ्ठा तसाच कापला, की कागद कापला न जाता फाटतो आणि कडेचे कण उडतात. संग्राहक या दोषाला खास नाव देऊन त्याचे गुण कापतात. मला मात्र त्या कडेत पाते बदलायचे राहून गेलेली एक संध्याकाळ दिसते. बारा सेंटांचा माल आहे, उद्या रद्दीत जाणार, कोण बघते, असे तेव्हा त्या मशीनवरच्या माणसाला वाटले असेल.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ, म्हणजे अमेरिकेतला ‘फँटम’, घरात आला. त्याची कुळकथा आम्हाला पाठ होती. १५३६ साली चाच्यांनी जहाज लुटले, मुलाच्या डोळ्यांदेखत बाप मारला गेला आणि त्या मुलाने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली. वेताळाची चित्रमालिका अमेरिकेत १९३६ साली सुरू झाली. त्यानंतर आलेल्या मोठ्या नायकांची दुःखे साधारण याच वळणाची आहेत. १९३८ साली आलेल्या सुपरमॅनचा ग्रहच नष्ट झालेला असतो. १९३९ साली आलेल्या बॅटमनच्या आईबापांना रस्त्यावर गोळ्या घातल्या जातात आणि तो लहान मुलगा पाहत उभा असतो. या सगळ्यांवर संकट बाहेरून कोसळले आहे. ते पोरके झाले, पण त्यात त्यांचा दोष तिळमात्र नाही. त्यांचा राग स्वच्छ आहे आणि त्यांची शपथही तितकीच स्वच्छ आहे.

पीटर पार्करचे तसे नाही. किरणोत्सारी कोळी चावतो हा अपघात खरा, पण कोळ्याने त्याला केवळ ताकद दिली. त्या ताकदीचे पहिले काय झाले, हे या अंकात फार प्रामाणिकपणे सांगितले आहे. क्रशर होगन नावाच्या मल्लासमोर तीन मिनिटे टिकणाऱ्याला शंभर डॉलर मिळणार असतात, तर हा तिथे जातो आणि जिंकतो. मग दूरचित्रवाणीवर खेळ करून दाखवतो. पैसा आणि टाळ्या मिळवाव्यात, ज्यांनी हिणवले त्यांना दाखवून द्यावे, यात वाईट असे काहीच नाही. त्या वयाचे कोणतेही पोर हेच करील. तो दुष्ट नाही. कॉरिडॉरमध्येही तो काही दुष्ट करत नाही. तो काहीच करत नाही, आणि ही सगळी कथा त्या ‘काहीच नाही’वर उभी आहे.

लिफ्टचे दार मिटल्यानंतर कथा घाईने पुढे जाईल असे वाटते, पण तिथे एक घरातली चौकट आहे, जिच्यावरून बहुतेकांची नजर सरकत असेल. बेनकाका आणि मे काकू पीटरला सूक्ष्मदर्शक भेट देतात, त्याला कधीपासून हवा होता तोच. काकांनी पुतण्याला वाढवलेले आहे आणि घर काही श्रीमंताचे नाही, म्हणजे त्यासाठी काटकसर झालीच असणार. पीटर मनाशी ठरवतो, की या दोघांनी माझ्यावर माया केली, यांना मी कायम सुखात ठेवीन. बाकीचे जग गेले खड्ड्यात. आपल्यापैकी कित्येकांनी हाच हिशेब केलेला असतो. माझी माणसे एका बाजूला, जग दुसऱ्या बाजूला, आणि मधला कॉरिडॉर कोणाचाच नाही. त्यानंतर एका रात्री तो घरी परततो तेव्हा दारात पोलिसांची गाडी उभी असते. घरात शिरलेल्या चोराने बेनकाकांना गोळी घातलेली असते. खून चित्रात दाखवलेला नाही. चोराला बंदराजवळच्या जुन्या गोदामात घेरले आहे असे कळताच पीटर पोशाख चढवून तिथे पोहोचतो आणि चोराला पकडतो. मग उजेडात त्याचा चेहरा पाहतो. कॉरिडॉरमधून पळालेला तो हाच माणूस.

हे वाचून मला १९८९ चा जून आठवला. मी तेव्हा पुण्यात एका लहानशा छापखान्यात मुद्रितशोधक होतो. एका वाड्याच्या तळमजल्यावर छपाईची दोन ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या पेट्या आणि ती अक्षरे जुळवणारे तीन जुळारी, एवढाच पसारा होता. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालवणाऱ्या एका संस्थेचे हँडबिल छापायला आले होते. प्रवेशासाठी मुलाखती कधी व कुठे होतील, सोबत कोणती कागदपत्रे आणावीत, एवढाच त्यातला मजकूर होता. प्रुफात ‘रविवार, दि. १९ जून’ असे होते. समोरच्या भिंतीवर दिनदर्शिका होती आणि १९ जूनला सोमवार होता. मी हस्तलिखित काढून पाहिले. लिहिणाऱ्याने शेवटच्या ‘१’वर असा काही फराटा ओढला होता की तो आकडा ११ वाचावा तसा १९ही वाचता येत होता. एक आणि नऊ यांची ही गल्लत मराठी हस्ताक्षरात नेहमीची. अकरा तारखेला रविवार होता. म्हणजे चूक कोणती आणि बरोबर काय, हे मला तेवढ्या अर्ध्या मिनिटात कळले होते.

पण त्या प्रुफावर संस्थेच्या माणसाची ‘छापण्यास हरकत नाही’ अशी सही आधीच झालेली होती. ट्रेडलवर फर्मा चढवायची घाई होती. संस्थेकडे फोन करायचा तर मालकांच्या खोलीत जाऊन परवानगी मागावी लागणार होती, आणि सही झालेल्या प्रुफात ढवळाढवळ केली म्हणून मला आठवडाभरापूर्वीच बोलणी बसली होती. मी मनात म्हणालो, की ऱ्हस्व-दीर्घ पाहणे माझे काम. तारखा पाहणे ज्याने सही केली त्याचे. मी प्रूफ पुढे सरकवले. पुढचे प्रूफ एका लग्नपत्रिकेचे होते, हे मला आजही लख्ख आठवते.

१९ तारखेला सकाळी साडेदहाच्या सुमारास एक गृहस्थ मुलाला घेऊन छापखान्यात आले. रात्रभराचा एसटीचा प्रवास त्यांच्या कपड्यांवर दिसत होता. मुलाच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत गुणपत्रिका. मुलाखती आठ दिवसांपूर्वीच उरकल्या असे त्यांना संस्थेत सांगण्यात आले होते. हँडबिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत आमच्या छापखान्याचा पत्ता होता, म्हणून ते विचारत विचारत आमच्याकडे आले होते. मालकांनी फाइल काढून सही दाखवली आणि ‘आमच्याकडून काही चूक नाही हो’ असे सांगितले, आणि कागदोपत्री ते खरेच होते. त्या गृहस्थांनी हँडबिल टेबलावर पसरले, रविवार या शब्दावर एक बोट ठेवले, एकोणीसवर दुसरे, आणि अगदी साध्या आवाजात विचारले, “साहेब, मग आम्ही वार बघून यायचं होतं का तारीख बघून?”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरेच कळून घ्यायचे होते. मी चार हातांवर बसलो होतो. मला उत्तर ठाऊक होते आणि ते जगात सगळ्यांत आधी मला ठाऊक झाले होते. मी समोरच्या कागदावर मान घालून बसून राहिलो. ते गेले. तो मुलगा पुढे कुठे शिकला, शिकला की नाही, मला माहीत नाही. तो आज पन्नाशीच्या घरात असेल.

म्हणून कॉरिडॉरमधला तो मुलगा ‘ते काम तुमचे आहे’ म्हणतो तेव्हा मला ते पोरकट वाटत नाही. ते फार ओळखीचे वाटते. माणूस चांगले सोडून वाईट निवडतो तेव्हा निदान काही निवडल्याची जाणीव तरी असते. न केलेल्या गोष्टीचे तसे नसते. ती करताना काहीच होत नाही, लिफ्टचे दार मिटते आणि आपण पुढच्या लग्नपत्रिकेकडे वळतो. ली आणि डिट्को यांनी एका स्वस्त, मुलांच्या, बंद पडणाऱ्या मासिकात नायकाचा जन्म या जागी ठेवला, कोळ्याच्या चाव्यापाशी नव्हे. माझ्या मते या अंकाचे मोल इथे आहे.

या कथेच्या शेवटच्या चौकटीतले एक वाक्य जगभर गेले. मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारीही येते, असे ते सांगितले जाते आणि ते बेनकाकांच्या तोंडचे वाक्य आहे असे बहुतेकांना वाटते. २००२ च्या चित्रपटात ते तसे आहेही. पण मूळ अंकात बेनकाका असे काही म्हणत नाहीत. ते थोड्याच चौकटींत येतात आणि त्यांत पुतण्यावर माया करण्यापलीकडे काही करत नाहीत. ते वाक्य शेवटच्या चौकटीतल्या निवेदनात आहे. चोर पोलिसांच्या हाती गेला आहे, आपण त्याला अडवू शकलो असतो आणि अडवले नाही, काका गेले, असे म्हणून पीटर रडतो, आणि मग ती सडपातळ, मूक आकृती अंधारात दिसेनाशी होत जाते. या जगात मोठ्या शक्तीसोबत मोठी जबाबदारीही यावीच लागते, हे तिला ‘अखेर’ कळले आहे, असे निवेदन सांगते. मूळ इंग्रजीत तिथे सक्ती दाखवणारे क्रियापद आहे, जे लोकांच्या तोंडी गळून गेले. मला या ‘अखेर’चे आणि या सक्तीचे महत्त्व फार वाटते. वडीलधाऱ्याने आधीच सांगितलेला उपदेश म्हणून ते वाक्य वाचले, तर मुलाचा अपराध ऐकले नाही एवढाच उरतो. निवेदनात ते वाचले, तर त्याला कोणीच काही सांगितलेले नव्हते, ते त्याला स्वतःलाच आणि उशिरा कळले. मलाही कोणी सांगितलेले नव्हते.

शब्दांच्या बाबतीत काटेकोर असलेली माणसे मात्र कुठे ना कुठे असतातच. जून २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे स्टीफन किंबल यांचा मार्व्हलविरुद्धचा दावा होता. तळहातातून जाळे फेकता येईल अशा खेळण्याचे पेटंट त्यांच्याकडे होते आणि पेटंटची मुदत संपल्यावरही मोबदला मिळावा की नाही, हा प्रश्न होता. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी बहुमताचा निर्णय लिहिला, त्यात हे वाक्य मूळ शब्दांनिशी उद्धृत केले आणि या अंकाचा क्रमांक, पृष्ठ व साल यांसह संदर्भ दिला. तिथे वाक्याचा रोख असा, की जुना निर्णय उलटवण्याची शक्ती न्यायालयाकडे आहे खरी, पण ती जपून वापरावी. म्हणजे तिथली जबाबदारी हात आवरण्याची होती. अंकातली मात्र हात पुढे करण्याची. तरीही मूळ प्रत काढून, शब्दन्‌शब्द जुळवून ते वाक्य न्यायालयाच्या कागदावर उतरले, याचा मला व्यवसायबंधू म्हणून आनंद झाला.

सगळ्यांच्या बोलण्यात स्पायडर-मॅन येतो, पण त्या अंकात आणखी तीन कथा आहेत, त्यांचा उल्लेख कोणी करत नाही. एका कथेत पळणारा चोर ममीच्या पेटीत आसरा घेतो. एकीत वेशांतर करून माणसांत मिसळलेले मंगळवासी आहेत. तिसरी तीन पानांची आहे आणि तिच्यात एका बेटावरचा म्हातारा घंटा वाजवणारा आहे. ज्वालामुखी फुटतो, सगळे बेट रिकामे होते, पण तो आपली घंटा सोडून जात नाही, कारण ती वाजवणे हे त्याचे काम आहे. शेवटी आकाशातून प्रकाशाचा झोत येऊन त्याला नेतो. कथा म्हणून ती साधी, थोडी भाबडीच आहे. पण ‘ते काम तुमचे आहे’ म्हणणाऱ्या मुलाच्या पाठोपाठ, त्याच अंकात, त्याच चित्रकाराच्या हातचा, आपले काम न सोडणारा हा म्हातारा येतो. हे कोणी जाणूनबुजून केले असेल असे मी म्हणत नाही. मला ती दोन माणसे त्या बारा सेंटांच्या अंकात शेजारी राहतात, एवढेच वाटते.

बेचाळीस वर्षांनी, २००४ साली, भारतात स्पायडर-मॅनची एक वेगळी मालिका निघाली. त्यात पवित्र प्रभाकर नावाचा मुलगा खेड्यातून मुंबईत शिकायला येतो, त्याच्या घरी भीमकाका आणि माया काकू आहेत आणि त्याच्या पोशाखाला धोतर आहे. प्रयोगशाळेचा अपघात काढून टाकून त्याला एका योग्याकडून शक्ती मिळते. शहर, विज्ञान, कपडे, नावे असे सगळेच बदलले. पण गुंडांच्या तावडीत सापडलेल्या एका बाईला मदत न करता तो निघून जातो आणि तिच्या मदतीला धावलेले भीमकाका मारले जातात, हे त्यांना बदलता आले नाही. ते काढले असते तर उरला असता फक्त भिंतीवर चढणारा एक मुलगा.

मूळ अंकाची चोवीस रेखाटने आज वॉशिंग्टनमध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. २००८ साली एका दात्याने नाव गुप्त ठेवून ती तिथे दिली. त्यांतल्या एका पानाबद्दल मी वाचले आणि तेव्हापासून ते डोळ्यांसमोरून हलत नाही. कोळी चावल्यानंतर पीटर तंद्रीत रस्त्यावरून चालतो आहे आणि एक गाडी त्याच्या अंगावर येते, ती चौकट त्या पानावर आहे. समासात स्टॅन ली यांनी डिट्को यांच्यासाठी लिहिले आहे, की ही गाडी छत असलेली कर, हात बाहेर लोंबकळताना दाखवू नकोस, बेदरकार गाडी हाकण्याची सूचना नको. कॉमिकचा मजकूर १९५४ पासून मंजुरीच्या शिक्क्यासाठी तपासला जाई, बहुधा त्याची ती काळजी असावी. बंद पडणाऱ्या मासिकाच्या शेवटच्या अंकातली, कथेशी फारसा संबंध नसलेली ती एक गाडी होती. कोणीतरी ती पाहिली आणि समासात दोन ओळी लिहिल्या, दुसऱ्याने त्या वाचून पुन्हा हात चालवला. माझ्या टेबलावरच्या अंकात ते पान उघडे आहे. त्यातल्या गाडीला छत आहे. १९८९ च्या जूनमधल्या त्या हँडबिलाच्या प्रुफालाही चारी बाजूंनी चांगला ऐसपैस समास होता आणि माझ्या कानावर पेन्सिल होती.